शिवी कोणती, हे कोणी ठरवायचे?

अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यात सौंदाळा नावाचे एक लहान गाव आहे. या गावाच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२४ मध्ये एक ठराव संमत केला. आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याने पाचशे रुपये दंड भरावा, असा तो ठराव होता. भांडणाऱ्या माणसाला आपल्याही घरी आई आहे, बहीण आहे, लेक आहे याचा विसर पडतो आणि दोन पुरुषांच्या तंट्यात ज्यांचा काडीचाही संबंध नाही त्या स्त्रियांची विटंबना होते, हा त्यामागील विचार सरपंच श्री. शरद आरगडे यांनी त्या वेळी बोलून दाखविला. बातमी देशभर गेली. पुष्कळांनी कौतुक केले. काहींनी ती गमतीची बातमी म्हणून वाचली आणि पान उलटले.

ही बातमी गमतीची नाही. किंबहुना, एखाद्या समाजाने आपल्या बोलण्याला स्वतःहून लगाम घालायचा ठरविले, की जो अवघड प्रश्न अपरिहार्यपणे पुढे येतो त्याच्याच उंबरठ्यावर सौंदाळ्याने आपल्याला आणून उभे केले आहे. आमचे देऊळघाट पैनगंगेच्या काठचे. येथे वऱ्हाडी मराठी आणि उर्दू एकमेकींच्या शेजारी नांदतात, आणि दोघींजवळही रागाच्या शब्दांची वानवा नाही. उद्या आमच्या ग्रामसभेत कोणी असाच ठराव मांडला, तर हात वर करणारे पुष्कळ निघतील. परंतु हात खाली आल्यावर पहिला प्रश्न विचारला जाईल तो दंडाच्या रकमेचा नव्हे. तो असेल, "शिवी म्हणजे नेमकी कोणती? आणि ती शिवी होती, हे ठरविणार कोण?"

यादीचा मोह

या प्रश्नाचे सर्वांत सोपे वाटणारे उत्तर म्हणजे यादी. वाईट शब्द लिहून काढावेत, कागद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा आणि यादीतला शब्द उच्चारणाऱ्याकडून दंड घ्यावा. कारकुनी दृष्टीला हे फार सोयीचे. विचार करण्याची गरजच उरत नाही. शब्द जुळला की गुन्हा सिद्ध.

देशाच्या सर्वोच्च सभागृहालाही हा मोह आवरलेला नाही. असंसदीय ठरलेल्या शब्दांचे संकलन लोकसभा सचिवालय करीत असते. जुलै २०२२ मध्ये त्यात भर पडली, तेव्हा एकच गदारोळ उठला. कारण नव्या शब्दांत 'जुमलाजीवी' यासारखे, राजकीय टीकेत रोज वापरले जाणारे शब्द होते. विरोधकांचे तोंड बंद करण्याचा हा डाव आहे, असा आरोप झाला. तेव्हा अध्यक्ष श्री. ओम बिर्ला यांना खुलासा करावा लागला, की कोणत्याही शब्दावर बंदी घातलेली नाही. शब्द कामकाजातून काढायचा की ठेवायचा, हे तो कोणत्या संदर्भात उच्चारला गेला यावरून ठरते. राजकारण बाजूला ठेवले, तर या खुलाशात मोलाचे शहाणपण आहे. इतकी मोठी यादी हाताशी असूनही शेवटी शरण जावे लागले ते संदर्भालाच! मग गावाच्या फळ्यावरील यादीची काय कथा?

शब्द तोच, अर्थ निराळा

आपल्याच भाषेतील दोन उदाहरणे घ्या. संध्याकाळी उशिरा घरी आलेल्या पोराला आई दारातूनच म्हणते, "मुडद्या, कुठे होतास एवढा वेळ?" शब्दाचा कोशातील अर्थ पाहिला तर याहून भयंकर शाप नाही, जन्मदात्री पोटच्या पोराला प्रेत म्हणते आहे. परंतु त्या पोराला त्यात ऐकू येते ती आईची काळजी, आणि चुलीवर झाकून ठेवलेल्या भाकरीचा वास. कोकणातील 'मेल्या'ची गोष्ट हीच. आमच्याकडचे 'भैताड' तर मूर्खाला जेवढे म्हणतात, त्याहून अधिक जिवलग मित्राला म्हणतात.

आता दुसरे उदाहरण. एखाद्या माणसाच्या जातीचे नाव घ्या. कोशात ते केवळ एक नाम आहे. सरकारी दाखल्यावर ते शाई आणि शिक्क्यासह लिहिलेले असते. परंतु तेच नाव भर बाजारात, आवाज चढवून, एका विशिष्ट हेलात त्या माणसाच्या तोंडावर फेकले जाते, तेव्हा त्याहून जहरी शिवी मराठीत नसते. यादी करणारा कारकून 'मुडद्या' यादीत घालील आणि जातीचे नाव सोडून देईल. अपराध नसेल तेथे तो दंड घेईल, आणि अपराध असेल तेथून मान खाली घालून निघून जाईल.

सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यातील सुखेड आणि बोरी या दोन गावांची प्रथा या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांच्या स्त्रिया मधल्या ओढ्याच्या दोन काठांवर जमतात आणि वाद्यांच्या गजरात, हातवारे करीत एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. 'बोरीचा बार' म्हणून ही प्रथा महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. प्रथेच्या मागे कोणती कथा आहे, तो विषय वेगळा. आपल्यापुरता मुद्दा एवढाच, की त्या दिवशी त्या ओढ्याकाठी कोणाचाही अपमान होत नाही. दोन्ही काठांना हातात सारखीच शस्त्रे आहेत, खेळ संमतीचा आहे आणि खेळाला वेळेची मर्यादा आहे. तेच शब्द दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर एकटी गाठून एखादीला ऐकविले, तर तो खेळ राहणार नाही. ती मारहाणीची पहिली पायरी ठरेल.

सौंदाळ्याने ज्या शब्दांवर दंड बसविला, तशा शब्दांचा बोरीत सण होतो. यात विसंगती वाटेल. पण ती वरवरची आहे. सौंदाळ्याच्या ठरावाचे मर्म असे, की त्याने 'असभ्य भाषेवर' बंदी घातली नाही. शिवीचा घाव कोणावर पडतो, हे पाहिले. भांडणात हजर नसलेल्या, उत्तर देण्याची संधी नसलेल्या स्त्रीच्या देहाची विटंबना थांबवावी, एवढाच त्याचा रोख. म्हणूनच तो ठराव सोवळेपणाचा नाही, न्यायाचा आहे.

कायद्याने काढलेली रेघ

अश्लील, असभ्य आणि अपमानकारक या तीन गोष्टी आपण बोलताना एकाच पोत्यात भरतो. कायदा तसे करीत नाही. दिनांक १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील शब्दांसाठी कलम २९६ आहे. शांतताभंग व्हावा म्हणून हेतुपुरस्सर केलेल्या अपमानासाठी कलम ३५२ आहे. स्त्रीच्या विनयाचा उपमर्द करणाऱ्या शब्दांसाठी कलम ७९ आहे. हे तीन वेगळे अपराध आहेत, कारण तिन्हींत होणारी इजा वेगळी आहे.

मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका चित्रमालिकेच्या खटल्यात हीच रेघ अधिक ठळक केली. महाविद्यालयीन मुलांच्या तोंडी सर्रास शिव्या होत्या, म्हणून निर्मात्यांवर अश्लीलतेचा गुन्हा दाखल झाला होता. शिव्यांचा शब्दशः अर्थ लैंगिक असतो हे खरे. तथापि रागाच्या किंवा वैतागाच्या भरात तो शब्द उच्चारणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्याही मनात तो अर्थ नसतो, तेव्हा ग्राम्य बोलणे म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे, असे न्यायालयाने ठरविले. अशा बोलण्याची कोणाला किळस येईल. पण किळस हा गुन्ह्याचा पुरावा होत नाही.

दुसरीकडे अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा पाहावा. १९८९ च्या या कायद्यात 'वाईट शब्दांची' यादी नाही. माणसाला हीन लेखण्याच्या हेतूने, लोकांच्या देखत केलेला अपमान आणि जातिवाचक शिवीगाळ हे त्याने अपराध मानले आहेत. हेतू काय होता, ठिकाण कोणते होते आणि कोण कोणाला बोलत होते, या तीन बाजूंनी तो शब्दाकडे पाहतो. गावाने ठराव लिहिताना शब्दकोशाऐवजी ही दृष्टी उसनी घ्यावी.

कोणाचे कान?

तथापि दृष्टी उसनी घेतली तरी कान कोणाचे, हा प्रश्न उरतोच. इतिहास असा, की सभ्यतेच्या पहारेकऱ्यांनी आपल्या कानांना जे खुपले त्याला सार्वजनिक अपराध मानले. १९७२ साली श्री. विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर' या नाटकाला रंगभूमीच्या परिनिरीक्षण मंडळाने बत्तीस काटछाटी सुचविल्या. दिग्दर्शक श्री. कमलाकर सारंग यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली, तेव्हा कोठे नाटक वाचले. त्याच सुमारास नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' प्रसिद्ध झाला. त्यातील शब्दांनी पांढरपेशा वाचक हादरला. त्या संग्रहाला प्रस्तावना लिहिणाऱ्या तेंडुलकरांनी मात्र प्रामाणिकपणे कबूल केले, की त्यातील कितीतरी शब्द आपल्याला ठाऊकच नव्हते. मराठीतील एवढा मोठा नाटककार जेथे असे म्हणतो, तेथे शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या माणसाने या टोकाच्या शब्दांचा न्याय करणे किती धाडसाचे आहे, हे उघड व्हावे.

गावातही हेच होईल, ही भीती अनाठायी नाही. दिवसभर उन्हात राबून आलेला सालदार बैलाला शिवी देईल आणि पाचशे रुपयांना मुकेल. ते पाचशे म्हणजे त्याच्या घरचा आठवड्याचा किराणा. पण ओट्यावर बसलेला, कधीही आवाज न चढविणारा सद्गृहस्थ त्याला शांतपणे म्हणेल, "बाबा रे, आपली पायरी ओळखून राहा." या वाक्यात एकही अपशब्द नाही. शाळेच्या व्याकरणात ते निर्दोष ठरेल. परंतु त्या सालदाराच्या काळजात ते जितके खोल जाईल, तितकी खोल कोणतीही ओबडधोबड शिवी जाणार नाही. केवळ शब्दांची राखण करणारा ठराव हा रांगड्या तोंडाला दंड आणि गोड तोंडाला अभय देणारा ठराव ठरतो. गरिबाजवळ शिवी असते. श्रीमंताला तिची गरजच पडत नाही.

१९३८ चा सभात्याग

मग ठरवायचे कोणी? या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उत्तर महाराष्ट्राच्या विधिमंडळातच दिले गेले आहे, आणि तेही एका गौरवाच्या शब्दावरून.

जानेवारी १९३८ मध्ये मुंबईच्या विधानसभेत स्थानिक मंडळांच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक चर्चेला होते. त्यात अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना 'हरिजन' ही संज्ञा लावलेली होती. शब्द महात्मा गांधींनी रूढ केलेला. भाव देवाच्या माणसांचा. योजणाऱ्यांचा हेतूही वाईट नव्हता. परंतु श्री. भाऊराव गायकवाड यांनी त्याला विरोध केला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू उचलून धरली. ज्यांना हे नाव द्यायचे त्यांनाच ते नको असेल तर ते लादण्याचा अधिकार इतरांना कसा पोचतो, हा त्यांचा साधा प्रश्न होता. बहुमताने तो मानला नाही. तेव्हा डॉ. आंबेडकर आपल्या पक्षाच्या सभासदांसह सभागृहातून बाहेर पडले.

पुढे काळाने कौल कोणाच्या बाजूने दिला, ते आपण पाहिले आहे. जातीच्या दाखल्यांवर 'हरिजन' लिहू नये, अशा सूचना १९८२ साली केंद्र सरकारने राज्यांना दिल्या. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने नमूद केले, की आज हा शब्द जात सांगण्यासाठी नव्हे, तर बुद्ध्या अपमान करण्यासाठी वापरला जातो. गौरव म्हणून निघालेला शब्द शिवी होऊन पोचला, आणि तो पोचण्याच्या कितीतरी आधी, ज्यांच्या अंगावर तो पडत होता त्यांना त्याची चाल कळलेली होती. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तोही याच मार्गावरचा. पत्त्यात रोज लिहावी लागणारी शिवी पुसण्याचा तो प्रयत्न होता.

या धड्याचा विसर मात्र आपल्याला वारंवार पडतो. एप्रिल २०२३ मध्ये विधवांना 'गंगा भागीरथी' म्हणावे असा प्रस्ताव राज्याच्या मंत्र्यांकडून पुढे आला आणि स्त्रियांच्या संघटनांनी त्यावर टीकेची झोड उठविली. तेव्हा तो केवळ चर्चेसाठी होता, असे सांगावे लागले. शब्द पुन्हा पवित्रच होता. ज्यांच्यासाठी तो योजला, त्यांना आधी विचारावे, एवढेच राहून गेले होते.

एक आक्षेप आणि त्याचे उत्तर

येथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. ज्याला लागले त्यानेच ठरवायचे म्हटले, तर प्रत्येक जण 'मला लागले' म्हणून उभा राहील. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्याच्या खर्चाचा हिशेब विचारणाऱ्या तरुणाने "तुम्ही गावाला फसविले" असे म्हटले, की सरपंच म्हणेल, "ही शिवी झाली, पाचशे रुपये काढ." सत्तेला टीका नेहमीच शिवीसारखी ऐकू येते. लोकसभेच्या यादीवर गदारोळ झाला, तो याच भयापोटी.

आक्षेप खरा आहे. पण तो तत्त्वाला बाधक नाही, त्याच्या मर्यादा दाखविणारा आहे. माणसाने जे केले त्याबद्दल बोलणे आणि माणूस जो जन्माने आहे त्याबद्दल बोलणे, या दोहोंत रेघ ओढता येते. 'चोर' हा शब्द खोटा असेल तर त्याचा जाब मागता येतो, हिशेबाच्या वह्या उघडून तो खोडून काढता येतो. जात, धर्म, बाईपण, अपंगत्व, गरिबी यांवरून दिलेली शिवी कोणत्या वहीने खोडून काढायची? तिला उत्तरच नसते. म्हणून ती शिवी. आणि जो जितक्या मोठ्या खुर्चीवर, त्याने तितके अधिक ऐकून घ्यावे, हा लोकशाहीतला जुना संकेत आहे. दुबळ्याच्या दुखण्याला जे वजन द्यायचे, ते बलवानाच्या रुसव्याला देण्याचे कारण नाही.

म्हणून कोणत्याही गावाने असा ठराव करताना तीन प्रश्न ठरावातच लिहून ठेवावेत. बोल कोणाला लागला? बोलणारा त्याच्यापेक्षा वरचढ होता की खालचा? रोख त्याच्या कृत्यावर होता की त्याच्या जन्मावर? त्यांची उत्तरे एकट्या सरपंचाने देऊ नयेत. आपल्या ग्रामपंचायत कायद्यात ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे; ती बहुतेक ठिकाणी सह्यांपुरती उरते. स्त्रियांवरून दिल्या जाणाऱ्या शिव्यांचा विचार प्रथम तेथे व्हावा. दलित वस्तीतील माणसे निवाड्याला बसलेली असावीत, केवळ साक्षीला उभी नसावीत.

आणखी एक सावधगिरी हवी. ग्रामसभेचा ठराव म्हणजे दंडसंहिता नव्हे. दंड न भरणाऱ्याचे दळण बंद, पाणी बंद, असा प्रकार सुरू झाला तर गाव स्वतःच गुन्हेगार ठरेल. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा त्यासाठीच झाला आहे. अपमान थांबविण्यासाठी निघालेल्या गावाने माणसाला वाळीत टाकावे, याहून मोठा विपर्यास कोणता?

आपल्या घरातून

हा लेख वाचणाऱ्यांत शिक्षक आहेत, कचेऱ्यांत काम करणारे आहेत, विद्यार्थी आहेत. आपण सुशिक्षित, आपल्या तोंडी शिव्या नसतात, असा आपला समज असतो. परंतु वर्गातल्या मागच्या बाकावरील मुलाला रोज 'दगड' म्हणणारा शिक्षक, त्याच्या वऱ्हाडी बोलण्याला सर्वांसमक्ष हसणारा शिक्षक, टेबलापलीकडे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला 'ए, इकडे ये' म्हणणारा लेखनिक, शिष्यवृत्तीच्या रांगेतील मित्राला 'सरकारचा जावई' म्हणणारा विद्यार्थी, यांच्यापैकी एकाचाही शब्द कोणत्याही यादीत सापडणार नाही. तो ज्याच्यावर पडला, त्याच्या स्मरणात मात्र तो जन्मभर राहील. 'दगड' म्हटलेला मुलगा पुढे मोठा अधिकारी झाला, तरी त्या गुरुजींची आठवण निघताच त्याचा चेहरा बदलतो, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले नसेल?

सौंदाळ्याने पहिले पाऊल टाकले, याबद्दल त्या गावाचे अभिनंदन केले पाहिजे. देऊळघाटाने आणि महाराष्ट्रातील गावोगावच्या ग्रामसभांनी पुढचे पाऊल टाकावे. ते टाकताना शब्दकोश घरी ठेवावा. ज्या बाईने आयुष्यभर ऐकून घेतले, ज्या माणसाने मान खाली घालून रस्ता बदलला, ज्या पोराने शाळा सोडली, त्यांना सभेत पुढच्या रांगेत बसवावे आणि विचारावे, "तुम्हांला काय लागले?" उत्तर यायला वेळ लागेल. इतकी वर्षे त्यांना कोणी विचारलेच नव्हते. ते उत्तर ऐकून घ्यावे, आणि मगच ठरावाची पहिली ओळ लिहावी.